वाढवलेली ताकद

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लातुरातल्या एका आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी ओरडण्यात गेली असतील. पोरं मागे मला प्रेशर कुकर म्हणायची. ते मला कळायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माझ्या वर्गात एकच कायदा होता. कामाला हात लावण्याआधी मोजमाप घ्यायचं, वहीत लिहायचं, काम झालं की परत मोजायचं आणि तेही शेजारी लिहायचं. दोन आकडे नसतील तर काम कितीही सुबक असो, मी ते खोलून नव्याने करायला लावायचो. एकदा एकाने टॅपेटचं अंतर नुसत्या अंदाजाने लावलं. इंजिन झकास चालू झालं. मी त्याला सगळं उघडायला लावलं आणि भर वर्गात विचारलं, "या अंदाजावर तुझ्या आईला बसवशील का गाडीत?" पोरगा रडकुंडीला आला. मला त्याची जराही कीव आली नव्हती.

आम्ही राहायला निलंग्याला. माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून दादाचं घर. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या, डांबर ओतणाऱ्या टोळीत त्याचा जन्म गेला. आमच्या वस्तीत शिक्षणाची किंमत घरोघरी माहीत होती, पण एका घरातून दोघांनी शिकणं आम्हाला परवडणारं नव्हतं. दादाने सातवीत शाळा सोडली आणि मी शिकलो. याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. मी आयटीआयत लागलो त्या दिवशी मात्र त्याने टोळीतल्या सगळ्यांना चहा पाजला होता, हे मला फार उशिरा त्याच्या मुकादमाकडून कळलं.

साठी उलटल्यावर साखरेच्या आजाराने त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, लातूरला डायलिसिस. सुरुवातीला तो आणि वहिनी एसटीने जायचे. जाताना ठीक असायचं, पण चार तास यंत्रावर पडून बाहेर आलेला माणूस पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखा होतो, त्याला गर्दीच्या एसटीत उभं राहता येत नाही. म्हणून मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. उंच, सात माणसं बसतील अशी, टर्बोवाली. पहाटे सहाला निघायचं, दोघांना सेंटरवर सोडायचं आणि आठच्या आत आयटीआयच्या हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवायचा. दुपारी ते दोघं माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी पडून राहायचे. संध्याकाळी मी त्यांना घेऊन परत यायचो.

गाडी चांगली होती, पण अंगात दम नव्हता. आणि आमचा रस्ता कसा, तर दिवाळीनंतर चार-पाच महिने उसाच्या ट्रॅक्टरांचा. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल कापड, आणि वेग बैलगाडीच्या वरचढ एवढाच. एका मंगळवारी मी अशा दोन ट्रॉल्यांना ओलांडायला गाडी बाहेर काढली आणि निम्म्यात अडकलो. ॲक्सिलरेटर तळाला टेकला होता, गाडी मात्र विचार करत होती. समोरून एसटी आली. एसटीवाल्याने गाडी मातीत उतरवली म्हणून आम्ही वाचलो. त्याने खिडकीतून मला जे काही ऐकवलं ते ऐकवण्यासारखंच होतं.

त्याच महिन्यात एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला नांदेडला गेलो होतो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. नांदेडातलं जुनं घराणं त्याचं. आजा टांग्यांची चाकं बांधायचा, बापाने डिझेल पंपाच्या कामात नाव कमावलं, आणि हा लॅपटॉप घेऊन बसला. माझ्या हाताखालून गेलेल्या शेकडो पोरांत ज्याच्या वहीत दोन्ही आकडे कायम सापडायचे असा हा एकटा. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला. बोलता बोलता मी एसटीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सर, गाडी घेऊन या रविवारी. मी करून देतो."

चिप ट्यूनिंग म्हटलं की लोकांना वाटतं इंजिनात काहीतरी नवं बसवतात. बहुतेक वेळा काहीच बसवत नाहीत. हल्लीच्या डिझेल गाडीत किती डिझेल सोडायचं, कोणत्या क्षणी सोडायचं, टर्बोने किती जोराने हवा कोंबायची, हे सगळं गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं. स्टिअरिंगखाली वायर लावायची, ते लिहिलेलं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, आकडे बदलायचे आणि परत भरायचं. पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत. कंपनीने मुळात हातचा राखलेला असतो. डिझेल भेसळीचं मिळेल, उन्हाळा आमच्याकडचा असेल, मालक ऑइल बदलायला विसरेल, हे सगळं गृहीत धरून ती इंजिनाला पूर्ण ताकदीपर्यंत जाऊच देत नाही. ट्यूनिंगवाला तो हातचा काढून तुमच्या पायाखाली देतो. पण टर्बो तोच, क्लच प्लेट तीच, पिस्टन तेच. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की उद्यापासून तुम्हाला जास्त ओझं आहे. गाडी नवी असेल तर वॉरंटी जाते, विमा कंपनीला कळलं तर ती हात वर करते, आणि काम आडदांडपणे केलं तर मागून काळा धूर निघतो तो वेगळाच. हे सगळं मी फळ्यावर चित्रं काढून शिकवलेलं होतं.

रविवारी त्याच्या दुकानात गेलो. त्याने दोन तास काम केलं. मी खुर्चीत बसून त्याच्या घरून आलेला चहा प्यालो. शेजारच्या दुकानदारांना तो सांगत होता, हे माझे सर, यांनी मला माणूस केलं. मी उगाच नाही-नाही करत होतो आणि आतून फुगत होतो. काम झाल्यावर मी पाकीट काढलं तर तो दोन पावलं मागे सरला.

"सर, तुमच्यापायी शिकलो मी. तुमच्याकडून घेऊ का काय? अम्मी घरात घेणार न्हाई मला."

मग मी टर्बोचा दाब आधी किती होता आणि आता किती केलास, हे विचारलं नाही. त्याने कदाचित लिहूनही ठेवलं असेल. पण ज्याने छातीवर हात ठेवून काम भेट दिलं त्याच्याकडे हिशेब कसा मागायचा? तो विद्यार्थी होता तोवर मी त्याची वही तपासली. त्याने मला इतका मान दिला की मला तपासायची लाज वाटली. मी दोन आकड्यांशिवाय गाडी घेऊन निलंग्याला आलो.

आणि गाडी काय चालली म्हणून सांगू. नाही कशाला म्हणू, फायदा झाला. चढाला तिसऱ्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये सरळ चढायची. ट्रॅक्टर समोर आला की पाय टेकवायचा अवकाश, तो आरशात मागे गेलेला असायचा. ओलांडताना पूर्वी जीव मुठीत धरावा लागायचा, तो प्रकार संपला. पहिले काही आठवडे सावकाश चालवल्यावर लिटरमागे एखादा किलोमीटर जास्तच मिळाला. नंतर मी सावकाश चालवणं सोडलं, तेव्हा तोही गेला. सव्वा तासाचा रस्ता मी तासाच्या आत कापायला लागलो. निघायची वेळ मात्र सहाचीच ठेवली, कारण अंगठ्याची धास्ती. मग आयटीआयत लवकर पोचून कॅन्टीनमध्ये दुसरा चहा घेत मी सगळ्यांना सांगत बसायचो की आज किती मिनिटांत आलो. विचारणाऱ्याने विचारलं की एवढी घाई कशाला, तर माझं उत्तर तयार असायचं. "दादाला वेळेवर यंत्र मिळालं पाहिजे ना."

आणखी एक सांगायचं राहिलं. टर्बोची गाडी जोरात आणली तर बंद करण्याआधी मिनिटभर नुसती चालू ठेवायची असते. टर्बो लालबुंद तापलेला असतो, लगेच बंद केली तर त्यातलं ऑइल जागीच जळतं. हे मी दर वर्षी पहिल्या महिन्यात शिकवायचो. आणि दर मंगळवार-शुक्रवार आयटीआयच्या फाटकाशी गाडी लावून, किल्ली फिरवून, तरातरा आत चालायला लागायचो.

मार्चमध्ये चढावर एकदम डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीव गेल्यासारखा झाला. बंद पडली नाही, पण चाळीसच्या वर जाईना. कॉम्प्युटरला कुठे काही विपरीत दिसलं की तो असं करतो. इंजिन वाचावं म्हणून ताकद काढून घेतो आणि म्हणतो, आता रांगत घरी जा. आम्ही रांगत लातूरला पोचलो. दादाला यंत्र मिळालं, माझा अंगठा चुकला, आणि दिवसभर मी ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होतो. क्लचचा जळका वास त्याआधीच दोनदा आला होता. त्याकडे मी काणाडोळा केला होता.

रविवारी तडक नांदेड गाठलं. त्याने वायर लावली, स्क्रीनवर बघितलं आणि तोंड बारीक केलं.

"सर, टर्बोचा दाब मधेच लई वर जाऊन राहिला. आतली पाती अडकत असतील. खोलून बघावं लागेल. दोन-तीन दिवस गाडी ठेवा."

"तीन दिवस? मंगळवारी दादाला काय पाठीवर नेऊ?"

"मी दुसरी गाडी बघतो, सर."

"ते काही नको. ही मधेच आवळून घेते, ते बंद कर. एवढा अडथळा काढून टाक, पुढचं उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू."

तो खाली बघत म्हणाला, "सर, तो अडथळा न्हाई. पहारा हाय तो."

हे वाक्य मी शिकवलेलं होतं की त्याचं स्वतःचं होतं, मला ठाऊक नाही. माझं डोकं मात्र तापलं. माझ्याच विद्यार्थ्याने मला शिकवावं, तेही त्याच्या कामगारांसमोर. मी आवाज चढवला. "मला सांगतोस? मी म्हणतो ते कर."

"हाव, सर," तो म्हणाला, आणि त्याने ते केलं. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याने हात जोडून गाडी परत पाठवली असती, हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. सरांना नाही म्हणायचं त्याला जमलं नाही. आणि एक मंगळवार भाड्याच्या गाडीने जायचं मला जमलं नाही.

पुढचे दोन महिने गाडी कुरकुर न करता पळाली. पिवळा दिवा पुन्हा लागला नाही. तो लागणारच नव्हता.

मे महिन्यातला शुक्रवार. सकाळचे साडेसहा झाले असतील. दादा आणि वहिनी मागे बसले होते. चढावर पुढे एक मालट्रक होता, मी त्याला ओलांडलं आणि पाय उचलला. पाय उचलला तरी इंजिनाचा आवाज उतरेना. उलट वाढत गेला. आरशात बघितलं तर मागचा रस्ता पांढऱ्या-निळ्या धुरात गडप झालेला. ट्रकही दिसेना.

काय झालंय हे मला त्याच क्षणी कळलं, हे सगळ्यात वाईट. टर्बोचं सील फुटलं की त्यातलं ऑइल थेट इंजिनात जातं आणि डिझेल इंजिन ते ऑइल जाळून चालायला लागतं. मग ते किल्लीचं ऐकत नाही, कारण किल्ली डिझेल बंद करते, ऑइल नाही. इंजिन स्वतःचंच रक्त पीत वेडं होऊन पळत राहतं. त्यावर उपाय वर्गात पाठ करून घेतलेला असतो. वरचा गिअर टाकायचा, ब्रेक घट्ट दाबायचा, क्लच सोडायचा. इंजिन ओझ्याखाली गुदमरून बंद पडतं. गिअर काढायचा नाही, कारण मोकळं झालेलं इंजिन अजून सुटतं. परीक्षेत हा प्रश्न मी दर वर्षी टाकायचो. न्यूट्रल लिहिणाऱ्याला शून्य द्यायचो.

मी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली आणि किल्ली फिरवली.

इंजिन किंचाळलं. दुसरा शब्द नाही. अख्खी गाडी थरथरत होती. वहिनी ओरडली, "भावजी, दार उघडा!" मी आधी दादाला बाहेर काढलं. ज्या माणसाला अंगणात दोन चकरा मारताना दम लागायचा तो धुरातून अडखळत, पडत, बांधापलीकडच्या नांगरलेल्या रानात पन्नास पावलं पळाला. मी परत आत बसलो, पाचवा टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडला. इंजिन गुदमरायला हवं होतं. ते गुदमरलं नाही. क्लच प्लेट वाढवलेल्या ताकदीने कधीच खाऊन संपली होती, ती नुसती घसरत राहिली आणि जळक्या वासाने नाकात पाणी आलं. मग मी बॉनेट उघडून हवेच्या नळीवर टॉवेल दाबायला गेलो. टॉवेल आत ओढला जायला लागला. हात जाईल या भीतीने मी मागे झालो. एवढ्यात आतून घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

दादा ढेकळांवर बसला होता. ओठ पांढरे पडले होते. त्याने पाणी मागितलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं. वहिनी त्याला दिवसभरात ठरलेल्या चार वाट्या देत असे. ती नको म्हणत होती. मी बाटली उघडून त्याच्या हातात दिली. त्याने ती संपवली, आणि दुसरीही मीच दिली. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून दिली.

लग्नसराई होती. ओळखीच्या सगळ्या गाड्या वऱ्हाडात गेलेल्या. एसटी आली ती पायरीपर्यंत भरलेली. ॲम्ब्युलन्सला फोन लावतो म्हटलं तर दादा म्हणाला, "मला काय झालंय ॲम्ब्युलन्सला?" मी तेही ऐकलं. तीन तासांनी भाजीच्या टेम्पोत, रिकाम्या क्रेटांमध्ये सतरंजी टाकून आम्ही त्याला लातूरला नेलं. सेंटरवर सगळ्या यंत्रांवर माणसं होती. त्यांची काही चूक नव्हती, त्यांनी संध्याकाळी एक यंत्र मोकळं करून दिलं. तोवर दादाला धाप लागली होती. दीड तासात रक्तदाब ढासळला आणि यंत्र थांबवावं लागलं. त्याला दाखल करून घेतलं. रविवारी सकाळी तो गेला.

डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, त्यांचं हृदय आधीच थकलं होतं, त्या एका दिवसामुळे झालं असं म्हणता येत नाही. मी मान हलवली. शिकवणाऱ्या माणसाला सबबी लवकर कळतात.

दादाच्या जलदानविधीला नांदेडहून तो विद्यार्थी आला. पांढरा शर्ट घालून, बायकोला घेऊन, मागच्या रांगेत बसला. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, माझ्या कामात काई चुकलं का? खरं सांगा." त्याचा चेहरा मला बघवला नाही. मी म्हणालो, "नाही रे. टर्बो जुना होता, आज ना उद्या जाणारच होता." त्याने माझा हात धरला आणि रडला. मीही रडलो. खोटं बोलून रडलो.

ते खोटं महिनाभर अंगावर बाळगलं. मग एके दिवशी एसटीने नांदेडला गेलो आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याला सगळं सांगितलं. न्यूट्रल टाकल्याचंही सांगितलं. त्याने कपाटातून एक वही काढली. माझ्या गाडीचं पान होतं, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही. दुसऱ्या भेटीच्या तारखेपुढे लिहिलं होतं, 'सरांनी सांगितले म्हणून.' तो म्हणाला, "सर, तुमी मागितली असती तर दाखवली असती." आता तो पहारा काढायची कामं घेत नाही. कुणी फार आग्रह केला तर हात जोडतो.

त्याला सांगणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. राहिली वहिनी. तिला ट्यूनिंगबद्दल काहीच माहीत नव्हतं. गाडी जुनी, बंद पडली, एवढंच तिला ठाऊक. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची की भावजींनी लई केलं, सख्खा मुलगा करणार न्हाई एवढं केलं. ते ऐकलं की मी उठून बाहेर जायचो.

एका दुपारी गेलो तेव्हा ती दादाच्या गोळ्या निवडत होती. न उघडलेली पाकिटं वेगळी काढून सेंटरवर कुणा गरजूला द्यायची होती. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजे गाडीत आधीच बिघाड व्हता?"

"बिघाड नव्हता, वहिनी. मी करून घेतला."

"कशापायी?"

"दादाला लवकर पोचवावं म्हणून."

ती बराच वेळ पाकिटावरची तारीख वाचत राहिली. तिला वाचता येत होतं, पण एवढा वेळ लागत नव्हता.

"भावजी," ती म्हणाली, "सेंटरचं दार साडेसातला उघडतंय. तुमी आमाला सातच्या आत सोडून जायचे. आमी पायरीवर बसून ऱ्हायचो. यंत्र आठलाच मिळायचं, लवकर गेलं तरी आठलाच."

"मला सांगायचं नाही का?"

"मी म्हनले व्हते त्येनला. सांगा भावजीला, सावकास चालवा म्हनावं. त्येनला भ्या वाटायचं गाडीत. माझा हात घट्ट धरून बसायचे आन डोळे मिटून घ्यायचे. पर मला बोलू द्यायचे न्हाईत. म्हनायचे, त्याला लई आनंद व्हतो गाडी पळवताना. ल्हानपनी त्याला खेळायला कायच भेटलं न्हाई, पळवू दे."

मला ते डोळे आठवतात. मी आरशातून मागे बघायचो आणि मला वाटायचं, गाडी आता इतकी छान चालते की दादाला झोप लागली.